चिऊ दार का उघडत नाही?

शाळेतल्या कथालेखनाचा साचा मराठी घरांत सगळ्यांना पाठ आहे: आडव्या रेघांनी तोडलेले मुद्दे, त्यांची करायची वाक्ये, वर शीर्षक, खाली तात्पर्य. दहावीच्या कुमारभारतीत कथालेखन जाहिरात आणि बातमीच्या शेजारी जाऊन बसले, तरी रीत फारशी हलली नाही. मुद्द्यांतच शेवट सांगून टाकलेला असतो आणि मूल इमानाने त्याच क्रमाने तिथवर पोचते. शुद्धलेखन तपासले जाते, क्रम तपासला जातो. वाचकाचा श्वास कुठे अडकला, हे कोणी पाहत नाही. इंग्रजी पुस्तकांतून आलेली डोंगराची आकृती थोडी बरी. तिचे मूळ गुस्टाव्ह फ्रायटागने १८६३ साली नाटकासाठी मांडलेल्या चढ-उतारात आहे. पण शिखर कुठे ते ती दाखवते, चढायचे कसे ते नाही.

चढण आपल्याकडे तोंडी गोष्टींत केव्हाचीच आहे. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिऊच्या दारावर येतो आणि चिऊ बाळाचे एकेक काम पुढे करत राहते. घडत काहीच नाही, फक्त दार उघडत नाही. पोर मात्र कान टवकारून बसते. भोपळ्यातली म्हातारी लेकीकडे जाताना ‘परतल्यावर खा’ असा शब्द देऊन बसते, म्हणून परतीची वाट अवघड होते. म्हणजे उत्कंठा अनपेक्षित शेवटातून येत नाही. ती येते लांबणीतून आणि डोक्यावरच्या देण्यातून. कीर्तनातले आख्यान श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. फुरसुंगीचा बनेश फेणे संकटातून सुटणार, हेही भा. रा. भागवतांच्या वाचकाला ठाऊक असते. तरी दोघे जागचे हलत नाहीत.

तेव्हा मुलांना गोष्ट आखायला शिकवायची ती शेवटाकडून मागे. नवी मुंबईच्या मुलाला त्यासाठी भुताचा वाडा नको, खाडी पुरे. ओहोटीला दिवाळे गावाजवळच्या तिवरांत कोणी शिरला आहे. साधारण सहा तासांत भरती पुरी होणार. पाणी आधी घोट्याला, मग पोटरीला, मग कुठे, आणि मधल्या वेळात त्याला कोणते काम सोडवत नाही, एवढे ठरले की आराखडा झाला.

आखणीने उत्स्फूर्तता मरते, असा आक्षेप येईल. पण आजी समोरच्या पोराचा चेहरा पाहून गोष्ट लांबवते किंवा आवरते. कोऱ्या कागदापुढच्या मुलाला चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला आराखडा लागतो. रहस्य हलके, हा दुसरा आक्षेप जुनाच. त्यापायी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांना समीक्षेने काऊसारखे दारातच उभे ठेवले, आणि वाचक मात्र त्यांच्याकडेच गेले. तिसरा आक्षेप खरा आहे: पाच गुणांच्या कथेसाठी शिक्षकाने वेळ आणायचा कुठून? शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न जसा, तशी शिकवणी. म्हणून परीक्षा मंडळाने निदान एवढे करावे: मुद्द्यांच्या ओळीतला शेवटचा मुद्दा छापू नये.