सेलेरॉनची ‘फुकटची’ गती

इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये काढलेला पहिला सेलेरॉन स्वस्त होता, पण त्यात दुय्यम कॅश स्मृतीच नव्हती. ही काटकसर नव्हे, कंजुषी. ऑगस्टमधल्या सेलेरॉन ३००ए ने ती उणीव भरून काढली: १२८ किलोबाइट कॅश, प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर, त्याच्याच पूर्ण वेगाने चालणारी. बसच्या स्पंदनांची साडेचारपट हा त्याचा वेग. हा गुणक बदलता येत नसे. पण बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर चालवली की ३०० चे ४५०! महागड्या पेंटियम-२ च्या पंक्तीला बसण्याजोगा; त्याची कॅश चौपट, पण निम्म्या वेगाची.

हौशी मंडळी याला फुकटची गती म्हणत. हे पटत नाही. काही नगांना त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागे. उष्णता स्पंदनांच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ चे २.२ व्होल्ट केले, तर दीडपट वेगाला उष्णता सुमारे १.८ पट (हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करावे). चिपवरचा आकडा ही तिची कमाल मर्यादा नसते, कंपनीची हमी असते. हमीपलीकडे संगणक बंद पडला, तर निदान कळते. एखादी बेरीजच चुकली, तर तेही कळत नाही.