चौकट न दुखवता

होंडाच्या सीआर 500 या मोटोक्रॉस बाइकचं इंजिन सुटं काढून टेबलावर ठेवलं, तर त्याच्यात पाहण्यासारखं फारसं काही नाही असंच वाटेल. एक सिलिंडर, 89 मिलिमीटरचा बोअर, 79 चा स्ट्रोक, मिळून 491 सीसी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. थरथर कमी करणारा बॅलन्सरही नाही. बरोबरीच्या कावासाकी केएक्स 500 ला एक्झॉस्ट पोर्टची उंची वेगाप्रमाणे बदलणारा पॉवर व्हॉल्व्ह होता. होंडाने आपल्या इंजिनाला तोही शेवटपर्यंत दिला नाही. 1985 साली हे इंजिन पाण्याने थंड होणाऱ्या रूपात आलं आणि 2001 च्या मॉडेलवर थांबलं. साठेक हॉर्सपॉवर, शंभर किलोच्या आसपासची गाडी आणि सुरू करायला फक्त किक.

हे इंजिन जन्मभर स्टीलच्या पाइपांच्या फ्रेममध्ये बसलं. 1997 साली होंडाने सीआर 250 ला दोन जाड कमानींची अॅल्युमिनियम फ्रेम दिली. मोटोक्रॉसच्या बाजारात अशी फ्रेम पहिल्यांदाच येत होती. पाचशेला ती कधीच मिळाली नाही. अमेरिकेतला 500 सीसीचा राष्ट्रीय वर्ग 1993 नंतर बंद पडला होता आणि 1998 ला यामाहाची वायझेड 400 एफ बाजारात आल्यावर सगळ्यांचंच लक्ष फोर-स्ट्रोककडे वळलं. जिच्यासाठी शर्यतच उरली नाही, त्या गाडीवर कंपनी पैसा का घालेल?

कंपनीने अर्धं सोडलेलं हे काम मग इतरांनी हाती घेतलं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या सर्व्हिस होंडा या विक्रेत्याने पाचशेचं इंजिन होंडाच्याच नव्या फ्रेममध्ये बसवून सीआर 500 एएफ या नावाने गाड्या बांधून विकल्या. नावातलं एएफ म्हणजे अॅल्युमिनियम फ्रेम. आधी सीआर 250 ची फ्रेम वापरली जाई, पुढे फोर-स्ट्रोक सीआरएफच्या फ्रेमही आल्या. गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने अशी गाडी बांधणारेही अनेक झाले. या गाडीच्या ताकदीची स्तुती सगळेच करतात. मला ती आवडते तिच्या जोडकामासाठी, आणि रसग्रहण करायचं तर त्या जोडकामाचंच करायला हवं.

दिघीत राहणाऱ्याला जोडकाम कसं पाहावं हे वेगळं शिकवावं लागत नाही. शेजारी भोसरी एमआयडीसी. लेथ, व्हीएमसी, आर्गन वेल्डिंग आणि फिक्श्चर बनवणाऱ्यांच्या शेडच्या शेड. आकुर्डीत चेतकने दोन पिढ्यांची घरं चालवली. चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ड्यूक तयार होतात. त्याच केटीएमच्या 300 सीसीच्या टू-स्ट्रोक डर्ट बाइक मात्र ऑस्ट्रियाच्या. टू-स्ट्रोकचा आवाज आमच्या कानांत आहे, आणि दहा मिलिमीटरची प्लेट नुसत्या नजरेने ओळखणारी माणसं गल्लीत आहेत. आरएक्स 135 ला बोअर मारून घेणारी, पोर्ट घासणारी मुलंही इथलीच. म्हणून ही परदेशी गाडी मला परकी वाटत नाही.

हे जोडकाम वाचायला सुरुवात करायची ती मागून, स्विंगआर्मच्या पिव्हटपासून. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म ज्या जाड बोल्टवर वरखाली हलतो, तो या जातीच्या गाड्यांमध्ये फ्रेमच्या एका बाजूने शिरतो, इंजिनच्या केसिंगच्या मागच्या टोकातून आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. फ्रेम, इंजिन आणि मागचं चाक, तिघांची गाठ या एका बोल्टवर पडते. इंजिन नव्या फ्रेममध्ये बसवणाऱ्याला हा बोल्ट हलवता येत नाही. तो हलवला तर स्विंगआर्मची, शॉकच्या लिंकेजची, सगळ्या मागच्या अंगाची मापं बिघडतात. मग काय करायचं? केसिंगची रुंदी फ्रेमच्या आतल्या अंतराशी जुळवायची, उरलेली फट स्पेसरने भरायची, बोल्टची जाडी वेगळी असेल तर बुश बसवायचा. हे लेथवरचं साधं काम. पण ते झालं, की एक फार सुंदर गोष्ट घडते. इंजिनाला आता एकच मोकळीक उरते. ते पुढे-मागे सरकत नाही, वर-खाली होत नाही. फक्त त्या बोल्टभोवती फिरू शकतं. पुढचं टोक थोडं वर किंवा थोडं खाली, एवढंच.

बांधणाऱ्याचे सगळे निर्णय या एका कोनात येऊन बसतात. एक अंश फिरवलं, की पिव्हटपासून एक फुटावरचा भाग पाच मिलिमीटरहून जास्त सरकतो. इंजिन वर उचललं तर सिलिंडर मागे कलतो, कार्बोरेटर शॉककडे सरकतो, एअरबॉक्सचा रबरी बूट मुरडतो. खाली सोडलं तर क्रॅंककेसचं पोट खालच्या पाळण्याच्या पाइपांवर टेकतं. आणि ज्याच्याकडे नवखा पाहतही नाही ते पुढचं छोटं स्प्रॉकेटही पिव्हटच्या पुढे असल्यामुळे याच कोनाबरोबर वरखाली होतं.

त्या स्प्रॉकेटची जागा का महत्त्वाची? अॅक्सिलरेटर पिळला की चेनची वरची बाजू ताणली जाते आणि मागच्या अॅक्सलला पुढे ओढते. ही ओढ स्विंगआर्मशी कोणत्या कोनात आहे, त्यावर गाडीचा मागचा भाग बसणार की उठणार हे ठरतं. कारखान्याने ही मापं नीट विचार करून घेतलेली असतात. साठ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोकची ताकद अचानक उघडते तेव्हा इथली चूक चालवणाऱ्याला लगेच कळते. खडबडीत चढावर मागचं चाक जमीन सोडून उड्या मारू लागतं. चांगल्या सीआर 500 एएफमध्ये चेन सरळ रेषेत मागच्या स्प्रॉकेटवर जाते, रोलरला घासत नाही आणि इंजिनाचा कोन सीआरएफच्या मूळ इंजिनाशी नातं सांगतो. ते पाहिलं की बांधणाऱ्याने आधी फ्रेम समजून घेतली आणि मग हात लावला याची खात्री पटते.

पुढच्या बाजूला वेगळाच पेच आहे. फोर-स्ट्रोकचं डोकं उंच असतं, कारण त्यात व्हॉल्व्ह आणि कॅम असतात. टू-स्ट्रोकचं हेड बुटकं, त्यामुळे सीआरएफच्या फ्रेममध्ये वर जागा उरते. पण टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा फुगीर चेंबर लागतो आणि त्याला जागा हवी ती पुढे, डाउनट्यूब, रेडिएटर आणि पुढचं चाक यांच्या मधे. चेंबर म्हणजे धूर बाहेर सोडायची नळी, असं समजून चालत नाही. पोर्ट उघडल्यावर निघालेली दाबाची लाट चेंबरच्या रुंदावणाऱ्या भागातून जाताना मागे पोकळी निर्माण करते आणि सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण ओढून घेते. थोडं मिश्रण एक्झॉस्टमध्ये सांडतंच. मग शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून परत आलेली लाट ते पोर्ट मिटायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. लाटेला जाऊन परत यायला किती वेळ लागेल हे चेंबरच्या लांबीवर ठरतं आणि त्यावरून इंजिनाचा पॉवरबँड, म्हणजे ताकद कोणत्या वेगाला येते ते. त्यामुळे जागा नाही म्हणून चेंबर आखूड केला तर इंजिनाचा स्वभावच बदलतो. मधल्या रेषेवरची लांबी पाळायची आणि वळण मात्र फ्रेमला हवं तसं द्यायचं. पत्र्याचे शंकूसारखे तुकडे कापून, तिरपे लावून, एकेक शिवण वेल्ड करत केलेला चेंबर नीट पाहिला तर प्रत्येक तुकड्याचा तिरपेपणा कोणत्या अडथळ्यासाठी आहे हे सांगता येतं. एक डाउनट्यूबसाठी, एक रेडिएटरच्या खालच्या पाइपसाठी, एक चालवणाऱ्याच्या गुडघ्यासाठी. या गाडीचा हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. अडचणी लपवलेल्या नाहीत आणि तरी रेघ कुठेही तुटलेली नाही.

आता वेल्डिंग. बऱ्याच बांधणीत खालचा पाळणा किंवा डाउनट्यूबचा भाग कापून रुंद करावा लागतो, आणि धोका इथेच आहे. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जमणारा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्या वर जाऊनही वितळायला तयार नसतो. आमच्याकडे ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात, त्यात अॅल्युमिनियमसाठी एसी करंट वापरतात तो यासाठी. करंटची एक बाजू हा थर फोडते, दुसरी धातू वितळवते. शिवाय अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. भोसरीतला कुठलाही फॅब्रिकेटर सांगेल, आधी फिक्श्चरमध्ये घट्ट धर, मग टॅक मार, समोरासमोर मार, तेव्हाच फुल वेल्ड कर. नाहीतर जॉब ओढला जाणार. फ्रेमचा जॉब दोन मिलिमीटर ओढला गेला तर पिव्हटची रेष स्टिअरिंगच्या नळीशी काटकोनात राहत नाही आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला झुकत चालते. त्यातून वेल्डच्या शेजारचा धातू मऊ पडतो. 6061 सारख्या उष्णतेने कडक केलेल्या मिश्रधातूची ताकद तिथे जवळपास निम्मी होऊ शकते आणि ती परत आणायची तर पूर्ण फ्रेमला भट्टीत ठरलेल्या तापमानाने उष्णोपचार द्यावा लागतो. उष्णोपचार न केलेली, फक्त वरून चकचकीत पॉलिश केलेली फ्रेम मला विश्वासाची वाटत नाही, तिचे मणी कितीही एकसारखे असोत.

शक्य तिथे फ्रेम कापायचीच नाही, हा पर्याय मला जास्त पटतो. पुढचे माउंट आणि इंजिनाचं हेड फ्रेमला बांधणारा हेड-स्टे यांच्यासाठी वेगळ्या प्लेट कापायच्या आणि बोल्टने बसवायच्या. त्यात नम्रता आहे. उद्या कुणाला मूळ इंजिन परत बसवायचं असेल तर फ्रेम शाबूत असते. हेड-स्टेची प्लेट हातावर मावेल एवढी, पण ती किती जाड घ्यायची यावर पुढच्या अंगाचा ताठपणा आणि हँडलपर्यंत येणारी थरथर दोन्ही ठरतात.

अॅल्युमिनियम म्हणजे चांगलंच, असं मात्र कुणी मानू नये. 1997 ची पहिली फ्रेम इतकी ताठ होती की चालवणाऱ्यांचे हात दुखायचे. होंडाने 2000 साली आणि पुन्हा 2002 साली ती नव्याने आखली, दर वेळी थोडी लवचिक. केटीएम तर आजही आपल्या डर्ट बाइकला क्रोमोली स्टीलचीच फ्रेम देते आणि जिंकते. म्हणून पाचशेचं इंजिन 1997 च्या फ्रेममध्ये घालणं आणि नंतरच्या सीआरएफ 450 च्या फ्रेममध्ये घालणं यांत मोठं अंतर आहे. 450 ची फ्रेम पन्नासहून जास्त हॉर्सपॉवर आणि साधारण पाचशेएवढंच वजन गृहीत धरून केलेली. तिचे फोर्क, शॉक, ब्रेक सगळे त्या हिशोबाचे. पाचशे तिच्यात पाहुणी वाटत नाही. हेच इंजिन 125 च्या हलक्या फ्रेममध्ये कोंबलं तर ते बसेलही, पण तशा गाडीचं कौतुक करायला माझं मन होत नाही.

जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. 450 आणि 250 चे वर्ग, उंच उड्या, भरलेलं स्टेडियम. आपल्याकडचं डर्ट रेसिंग त्याआधी कित्येक वर्षं आरएक्स, शोगन, सुप्रा अशा छोट्या टू-स्ट्रोकवर वाढलं. त्या मुलांनी स्टॉक फ्रेमला पट्ट्या मारल्या, मागचे शॉक उंच केले, फूटरेस्ट मागे घेतले. साधनं तुटपुंजी, पण प्रश्न तेच: कोन, चेनची रेष, चेंबरची जागा. म्हणून सीआर 500 एएफ पाहताना मला ती तेव्हाच्या त्या मुलांच्या कामाचीच मोठी आवृत्ती वाटते. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाहीत, ते योग्यच आहे. हा खेळ बंद मैदानावरचा.

अशी गाडी कधी समोर आली तर किक मारायच्या आधी चार गोष्टी पाहाव्यात. मागचा शॉक काढायला सांगावा आणि स्विंगआर्म हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली न्यावा. स्प्रॉकेट, पिव्हट आणि अॅक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात घट्ट असते. तिथे तिला बोटभर ढिलाई आहे का, हे बोटानेच तपासावं. मग फोर्क पूर्ण दाबून पुढचं चाक चेंबरच्या किती जवळ येतं ते बघावं, हँडल दोन्ही टोकांना वळवून रेडिएटरच्या नळ्या ताणतात का ते बघावं. किकचा दांडा पूर्ण खाली येताना फूटपेगला किंवा फ्रेमला लागतो का, तेही. 89 मिलिमीटरचा पिस्टन उलटा हाणला तर पायाला चांगलाच हिसका देतो, तेव्हा बूट घातल्याशिवाय किक मारू नये.