साक्ष : वाङ्मयातली आणि कोर्टातली

दलित आत्मकथन ही साक्ष आहे, असे आपण गेली कित्येक वर्षे म्हणत आलो. प्रस्थापित समीक्षेने ते मान्य केले, विद्यापीठांनी ती पुस्तके अभ्यासक्रमाला लावली. परंतु जिथे साक्षीची किंमत जिवाने मोजावी लागते, त्या कोर्टातल्या साक्षीचे वाचन आपण समीक्षक म्हणून केले नाही. ते वकिलांचे काम, असे समजून मोकळे झालो. ही पळवाट आहे.

खैरलांजी घ्या. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे कुटुंब नंतर येऊन राहिलेले. थोडी शेती, आणि त्या शेतातून रस्ता काढण्यावरून शेजाऱ्यांशी तंटा. 3 सप्टेंबर 2006 रोजी त्यांच्या एका आप्ताला मारहाण झाली. सुरेखाबाईंनी आणि त्यांच्या मुलीने, प्रियंकाने, पोलिसांत जबाब देऊन मारणाऱ्यांना ओळखले. 29 सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांची हत्या झाली. भैयालाल तेवढे उरले. मायलेकींचा अपराध कोणता? पाहिले ते सांगितले.

आता निकाल वाचा. भंडाऱ्याच्या कोर्टाने 15 सप्टेंबर 2008 रोजी आठ जणांना दोषी धरले आणि पुढे सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. 14 जुलै 2010 रोजी नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली. दोन्ही ठिकाणी अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. जबाब दिल्याचा सूड, हे कारण धरले गेले.

सूड खराच. पण समीक्षकाचा प्रश्न याच शब्दापासून सुरू होतो. गावातल्या वरच्या जातीच्या बाईने हाच जबाब दिला असता, तर तिच्या घरावर असा जमाव गेला असता काय? दलित बाईने तोंड उघडून नावे घेतली, हीच त्या मानसिकतेला न सोसणारी गोष्ट होती. म्हणजे सुडाच्या पोटात जात होती. कोर्टाने दोघांमध्ये भिंत घातली. आत्मकथनकार आपली कहाणी कुठून सुरू करायची ते स्वतः ठरवतो. साक्षीदाराला मात्र विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलता येते. जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचे उत्तर कागदावर कधी येत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात 1838 साली बाहेरून येऊन वसलेले मॉर्मन पंथीय आणि त्यांचे शेजारी यांच्यात सशस्त्र लढाई पेटली. घरे दोन्ही बाजूंनी जाळली. गव्हर्नर बॉग्जने मॉर्मनांना नष्ट करा किंवा हाकला, असा हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा मॉर्मन मारले गेले. पण रिचमंडच्या कोर्टात चौकशी झाली ती मॉर्मन पुढाऱ्यांची. सरकारपक्षाचे साक्षीदार चाळीसच्या आसपास, बचावाचे मूठभर. पुढे सरकारनेच ते जबाब छापले. हॉन्स मिलच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. तो हुकूम रद्द व्हायला 1976 साल उजाडले. मात्र तुलना इथेच थांबवावी. मॉर्मनांजवळ बंदुका होत्या, आणि काळ्या पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियम त्यांच्याच चर्चने 1978 पर्यंत चालवला. सोसणारा आपोआप समतावादी होत नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे.

26 जानेवारी 2016 पासून अॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती लागू झाली. पीडित दलित आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे गंभीर गुन्ह्यात पुरे ठरते. साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरणही त्यात आले. तरी खर्ड्याच्या नितीन आगे खून खटल्यात 2017 साली अनेक साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. कायद्याचा शब्द बदलला, गाव बदलले नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी फिर्यादीचा पहिला कागद पुस्तकाइतक्याच बारकाईने वाचावा. शिक्षकांनी निकालपत्रे वर्गात न्यावीत. साक्षीदार पुन्हा त्याच गावात राहायला जाणार असतो, त्या रात्री त्याच्या दारात कोण बसणार ते आपण ठरवावे. आत्मकथनाला टाळ्या देणाऱ्या चळवळीने एवढे केले नाही, तर साक्ष हा शब्द वापरण्याचा हक्क तिला उरत नाही.

— बोदवड, जि. जळगाव