आधी सही, मग रक्त

'ब्लडबॉर्न' सुरू होतो तेव्हा आपण एका जुनाट दवाखान्यात उताणे पडलेले असतो. चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा आपल्यावर वाकतो. रक्त चढवून देतो म्हणतो, पण आधी करार. मग आपण नाव, चेहरा, पूर्वायुष्य भरतो. तो फॉर्म म्हणजेच करार. अटी काय आहेत हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

हा गेम २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. बनवला टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. पैसे सोनीचे, निर्मितीत साथ सोनीच्या जपान स्टुडिओची. आणि मालकी सोनीची. अशा व्यवहारात पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. प्रत्येक टप्प्याला बिल्ड दाखवायची, प्रकाशकाच्या निर्मात्याने ती पास करायची, मग पुढचा हप्ता. ज्यांना आपलं बांधकाम चालू असलेलं घर आठवलं, त्यांना बरोबर आठवलं. फरक इतकाच, की इथे घर ज्याने कल्पनेत पाहिलं तोच गवंडी असतो.

याआधीही या दोघांचं एकदा झालं होतं. २००९ चा 'डेमन्स सोल्स'. सोनीच्या शुहेइ योशिदांना तो सुरुवातीला इतका टाकाऊ वाटला की पश्चिमेत सोनीने काढलाच नाही. अमेरिकेत ॲटलसने काढला आणि त्याचं नाव झालं. ही चूक योशिदांनी नंतर स्वतःच जाहीरपणे कबूल केली, हे विशेष. पण नाव सोनीकडेच राहिलं. मग फ्रॉमने बंदाई नामकोबरोबर २०११ मध्ये त्याच मातीतून 'डार्क सोल्स' उभा केला. 'डेमन्स सोल्स'चा २०२० चा रीमेक ब्लूपॉइंटने केला. दिसायला अप्रतिम, पण मूळच्या कळकट एकाकीपणाच्या जागी भरजरी ऑर्केस्ट्रा आला. मला तो सुंदर वाटतो आणि परका वाटतो.

'ब्लडबॉर्न'चं तर तेही झालं नाही. पीसीवर नाही, रीमेक नाही, प्लेस्टेशन ५ वरही सेकंदाला तीसच फ्रेम्स. एका हौशी प्रोग्रामरने साठ फ्रेम्सचा पॅच बनवला होता. २०२५ मध्ये सोनीने नोटीस पाठवून तो उतरवायला लावला. मियाझाकींना विचारलं की ते म्हणतात, हक्क आमच्याकडे नाहीत, मला बोलता येत नाही. सोनी सोडल्यावर योशिदांनी एक अंदाज मांडला: मियाझाकींना वेळ नाही, आणि दुसऱ्याने हात लावलेला त्यांना नको असावा.

सोनीला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला पटत नाही. एकाच मशीनसाठी, एकाच्याच पैशावर बनला म्हणून यार्नम शहर इतकं दाट, इतकं हट्टी आहे. सगळ्यांना खूश करायचं असतं तर तो म्हातारा पहिल्याच पायरीवर ट्युटोरियल घेऊन बसला असता. माझी तक्रार वेगळी आहे. २०२१ मध्ये सोनीने जपान स्टुडिओ मोडला आणि टीम असोबीपुरता ठेवला. 'ब्लडबॉर्न'वर काम केलेले निर्मातेही त्याच सुमारास बाहेर पडले. कागदावर मालक आहे, पण हा गेम ज्याच्या रोजच्या कामात येतो असं माणूस तिथे उरलंय का, याची शंका येते.

हे मला टोचतं कारण मी पोटापाण्यासाठी क्लायंटचाच कोड लिहितो. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये तारखेच्या हिशोबात माझी एक चूक राहिली. प्रोजेक्ट संपला, ॲक्सेस गेला. त्या साइटवर मी अजूनही ग्राहक म्हणून जातो, चूक तिथेच आहे, कुठल्या फाइलमध्ये आहे तेही ठाऊक आहे. एक मेल पाठवला, उत्तर आलं नाही. तो कोड 'माझा' म्हणायची सोय करारात नाही, पण लाज मात्र माझी.

२०२५ मध्ये फ्रॉमने निन्टेन्डो स्विच २ साठी 'द डस्कब्लड्स' जाहीर केला. ट्रेलरमध्ये रक्त, अंधार, गॉथिक मनोरे. लोक लगेच 'ब्लडबॉर्न'शी जुळवू लागले. नाव मागे राहिलं, हात पुढे गेले. दुसऱ्यांदा.

मी अजून जुनाच खेळतो. सेंट्रल यार्नमच्या चौकात जमाव शेकोटीभोवती उभा असतो, तिथे कॅमेरा जोरात फिरवला की चित्र अडखळतं. म्हणून मी तिथे हळूच वळतो.