जुन्या ठेवीची नवी पावती

जुनं गाणं पुन्हा गाणं म्हणजे बँकेच्या भाषेत मुदत ठेवीचं नूतनीकरण. रक्कम तीच, पावती नवी! २००५ साली आशा भोसले यांनी अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटच्या चार तंतुवाद्यांसंगे राहुलदेव बर्मनची गाणी नव्यानं गायली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आम्ही भंडारेकर जुनं पितळ चिंच लावून घासतो. इथं झाकिर हुसेनचा तबला अन् चिनी पिपा आहे. पिपा तेलाचा नव्हे, वाजवायचा! पहिल्यांदा ऐकताना व्हायोलिनं जरा परकी वाटतात, पंचमची दांडगाई थोडी सभ्य होते. पण आवाज? साठीला निवृत्त होणाऱ्या आम्हा कारकुनांनी तो ऐकावा अन् पंचेचाळिशीतच ‘आता काय राहिलं’ म्हणणं सोडावं.