दहा पीडा आणि दहा गीते

पवित्र शास्त्रातील काही वृत्तान्त असे आहेत, की ते ऐकताना भाविकाचे मन एकाच वेळी दोन दिशांना ओढले जाते. निर्गमाच्या ग्रंथातील दहा पीडांचा वृत्तान्त त्यांपैकीच एक होय. नदीचे रक्त होते, बेडूक घरादारांत शिरतात, उवा, गोमाश्या, गुरांवरील मरी, गळवे, गारा, टोळ आणि अंधकार असा क्रम लागतो आणि अखेर मिसर देशातील प्रत्येक घरचा प्रथमजन्मलेला मृत्युमुखी पडतो. या आक्रोशानंतर अवघ्या काही पानांवर, पंधराव्या अध्यायात, समुद्रतीरी मोशे व इस्राएलची प्रजा गाऊ लागते. आक्रोश आणि गीत यांच्यामध्ये केवळ पाण्याचा एक पट्टा आहे, आणि त्या पाण्याखाली फारोचे सैन्य आहे. यहुदी धर्मातील गूढपरंपरेने, म्हणजे कब्बालाने, या पीडा आणि पवित्र गीत एकाच सूत्रात ओवले आहेत. ती ओवणी कितपत पक्की आहे आणि ती आपणांस काय शिकविते, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

परक्यांच्या गूढविद्येशी आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी वाचक करील. त्यास उत्तर असे, की हे गीत आपल्याही मुखात आहे. पास्काजागरणाच्या विधीत जुन्या करारातील वाचने कमी करण्याची मुभा असते. परंतु समुद्र पार करण्याचे वाचन कधीही वगळता येत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ तेच समुद्रगीत प्रतिसादस्तोत्र म्हणून गाइले जाते. ज्या गीताशिवाय आपला पास्का होत नाही, त्याचा अर्थ मूळ घरातील मंडळी कसा लावीत आली हे जाणून घेणे केवळ कुतूहलाचे काम नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये यहुदी बांधवांविषयी जे पत्रक प्रसिद्ध केले, त्यात उभयतांच्या समान आध्यात्मिक वारशाचे स्मरण आहे. वारसा समान म्हटला की त्याचे वाचनही आलेच.

प्रथम दहा या संख्येविषयी. मिश्नाच्या ‘पिर्के अवोत’ या प्रकरणात म्हटले आहे, की परमेश्वराने दहा वचनांनी विश्व निर्मिले. अब्राहामाची दहा वेळा परीक्षा झाली. मिसरात पूर्वजांसाठी दहा चमत्कार घडले आणि समुद्रावर आणखी दहा. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतात ‘झोहर’ हा ग्रंथ पुढे आला. त्याच्या प्रणेत्यांत मोशे द लेओन याचे नाव संशोधक प्रामुख्याने घेतात. या परंपरेत देवाचे अगम्य स्वरूप दहा आविष्कारांतून, म्हणजे ‘सेफिरोत’मधून, सृष्टीकडे झिरपते असे मानले जाते. मग भाष्यकारांनी दहा वचने आणि दहा पीडा यांची जोडी जमविली, आणि तीही उलट क्रमाने. दहावी पीडा प्रथमजन्मलेल्यांची, म्हणून ती ‘प्रारंभी’ या पहिल्या वचनाशी जुळते. नववी अंधकाराची, ती प्रकाशाच्या वचनाशी. पीडा म्हणजे उलटी वाचलेली निर्मिती, हा त्यातील आशय. फारोने माणसांच्या विटा केल्या, तेव्हा सृष्टीचे एकेक पान मागे उलटू लागले, असे त्याचे तात्पर्य आम्ही काढतो. ही कल्पना आम्हांस मोलाची वाटते, कारण ती शिक्षेचे मूळ देवाच्या लहरीत न शोधता अन्यायानेच उसवलेल्या सृष्टीत शोधते.

आता गीताची बाजू. तालमुदातील ‘पेसाहीम’ या भागात रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचे मत नोंदले आहे, की स्तोत्रसंहिता स्तुतीच्या दहा प्रकारांनी रचली गेली आहे. गीतरत्नाच्या अरामी भाषांतरात आदिमानवापासून युगान्तापर्यंत दहा गीतांची गणती आहे. त्यांतील दुसरे समुद्रतीरावरचे आणि दहावे अद्याप गाइले जायचे आहे. तालमुदातच अन्यत्र सांगितले आहे, की मंदिरातील वीणेला सात तारा होत्या, मसीहाच्या काळी आठ होतील आणि येणाऱ्या युगात दहा. म्हणजे गीतांचा दशक हा पूर्ण झालेला हिशेब नव्हे; ती वाट पाहण्याची रीत आहे.

हे दोन दशक जोडणारा दुवा कोणता? ‘सेफेर येत्सिरा’ या प्राचीन लघुग्रंथात एक मार्मिक निरीक्षण आहे. हिब्रूत ‘ओनेग’ म्हणजे आनंद आणि ‘नेगा’ म्हणजे पीडा. अक्षरे तीच तीन, फक्त क्रम निराळा. चांगल्यात आनंदाहून वर काही नाही आणि वाइटात पीडेहून खाली काही नाही, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय. निर्गमाच्या अकराव्या अध्यायात अखेरच्या पीडेसाठी हाच ‘नेगा’ शब्द आला आहे. झोहर याच दिशेने पुढे जातो. यशया संदेष्ट्याने मिसराविषयी प्रहार आणि उपचार हे शब्द एकत्र वापरले आहेत. त्यांवर भाष्य करताना झोहर सांगतो, की प्रहार मिसरासाठी होता आणि उपचार इस्राएलसाठी. एकच घाव एका अंगाला दुखवितो आणि दुसऱ्या अंगाला बरे करितो, असा हा विचार.

या विचाराला कथेचे रूप दिले ते ब्रेस्लावचे रब्बी नाहमान (१७७२–१८१०) यांनी. त्यांनी १८१० मध्ये सांगितलेली ‘सात भिकारी’ ही कथा १८१५ मध्ये त्यांच्या कथासंग्रहात छापली गेली. त्यातील सहाव्या दिवसाच्या भागात एक राजकन्या राजापासून पळून पाण्याच्या गढीत आश्रय घेते. त्या गढीला पाण्याच्याच दहा भिंती आहेत. राजा दहा प्रकारचे विष लावलेले दहा बाण तिच्यावर सोडतो. ती भिंती ओलांडून आत मूर्च्छित पडते. पाठलाग करणारे सैन्य पाण्यात बुडते. तिला बरे करणारा असतो हात नसलेला भिकारी. त्याला दहा प्रकारच्या नाड्या कळतात आणि दहा प्रकारच्या सुरावटींनी तो विष उतरवितो. पाण्याच्या भिंती, पाठलाग आणि बुडालेले सैन्य पाहताच निर्गमाचे चित्र ओळखू येते. याच रब्बींनी हयातीच्या अखेरीस आत्म्याच्या उपचारासाठी दहा स्तोत्रे निवडली. त्यांत १०५ वे स्तोत्र आहे, आणि ते तर मिसरातील पीडांचाच पाढा वाचते. पीडांची यादी येथे स्वतःच औषध झाली आहे.

येथवर रसग्रहण झाले, आता परीक्षण. पहिला आक्षेप संख्येविषयी आहे. निर्गमाचा ग्रंथ पीडांची बेरीज दहा म्हणून कोठेही मांडत नाही; ती मोजणी मागाहून रूढ झाली. १०५ व्या स्तोत्रात पीडा आठच येतात आणि त्यांत अंधकार सर्वांत आधी येतो. ७८ व्या स्तोत्रात अंधकाराचे नावच नाही. ज्या स्तोत्रकारांनी पीडांचे गीत केले, त्यांनीच दहाचा आग्रह धरला नाही. तेव्हा दहा पीडांना दहा गीते ही जोडी शास्त्रातून उगवलेली नसून शास्त्रावर चढविलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. चढविलेला दागिना खोटा असतोच असे नाही. परंतु त्याला शरीर समजू नये.

या बाबतीत यहुद्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी एका प्रवचनात दहा पीडा आणि दहा आज्ञा यांची जोडणी केली आहे, तर दुसऱ्यात दहा तारांचे वाद्य आणि दहा आज्ञा यांची. प्रत्येक तार छेडताच एकेक दुर्गुणरूपी श्वापद कोसळते, असे ते तेथे रंगवितात. दोन प्रवचने शेजारी ठेवली की पीडा आणि तारा समोरासमोर येतात. दोन्ही घरांतील मुलांनी एकाच वाळूत रेघा ओढल्या आहेत.

संख्येचा हा मोह आजही सरलेला नाही. २०२० मध्ये महासाथ चालू असतानाच मे महिन्यात टोळधाड विदर्भात उतरली, तेव्हा पुष्कळ भाविकांनी बोटे मोडून पीडा मोजल्या आणि पुढची कोणती, असे विचारले. त्यांच्या भीतीची आम्ही थट्टा करीत नाही. पण कब्बालाच्या उत्तम भाष्यकारांनी पीडा मोजल्या त्या पुढची कोणावर पडेल हे सांगण्यासाठी नव्हे, तर तिच्यावर कोणते गीत उतारा ठरेल हे शोधण्यासाठी. हा फरक लहान नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून एक माणूस दुखण्याचे नाव सांगून निघून जातो, दुसरा नाडी धरून बसतो. नाहमान यांचा भिकारी दुसऱ्या जातीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपचार इस्राएलसाठी आणि प्रहार मिसरासाठी, असे झोहर म्हणतो. मग मिसराच्या घरातील ज्या मातेचे मूल गेले, तिच्यासाठी कोणती सुरावट? नाहमान यांच्या कथेतही राजकन्या बरी होते, पण बुडालेल्या शिपायांची नाडी कोणी पाहत नाही. येथे गूढपरंपरेची वीणा एका तारेने उणी पडते, असे आमचे मत आहे. ती तार तालमुदात सापडते. समुद्रात मिसरी बुडत असताना देवदूत स्तुतिगीत गाऊ पाहतात आणि देव त्यांना आवरतो. आपल्या हातची निर्मिती बुडत असता गाणे कसले, असा त्याचा सवाल. मानवांचे गीत त्याने अडविले नाही, कारण ते नुकतेच मरणातून सुटले होते. ज्यांना धोकाच नव्हता त्यांचे गीत अडविले. हा भेद आम्हांस फार सूक्ष्म वाटतो. सुटलेल्याने गावे, सुरक्षित प्रेक्षकाने टाळ्या पिटू नयेत.

‘पेरेक शिरा’ या छोट्या यहुदी ग्रंथात सृष्टीतील प्रत्येक घटकाच्या तोंडी एकेक गीत दिले आहे. त्यात दावीद राजाला स्तोत्रे पूर्ण केल्याचा अभिमान वाटतो, तेव्हा एक बेडूक त्यास सांगतो, की मी तुझ्याहून अधिक गातो. संत ऑगस्टीन यांना बेडकांत पोकळ बडबड दिसली. येथे तोच जीव दाविदाचा गुरू झाला. आणि या ग्रंथाच्या अखेरीस गातात ते कुत्रे. त्यांना हा मान का, याचे पारंपरिक उत्तर असे, की प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूच्या रात्री त्यांनी इस्राएलवर जीभ हलविली नाही. दुसऱ्याच्या संकटकाळी जो गप्प राहिला त्याला गीताचे दान मिळाले, असा अर्थ आम्ही यातून घेतो. पीडा आणि गीत यांचा खरा दुवा संख्या नसून हे मौन आहे.

हा ठेवा मराठीला अगदीच परका नाही. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शेजारी शनिवार तेली म्हणून ओळखीत, त्यांच्यासाठी पास्काच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ मराठी अनुवादासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुढे त्यांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. पीडांची नावे उच्चारताना प्रत्येक नावागणिक द्राक्षारसाचा थेंब प्याल्यातून बाहेर टाकण्याची प्रथा अनेक यहुदी घराण्यांत आहे. मध्ययुगातील रब्बींनी तिचे कारण अरिष्टापासून रक्षण हे दिले होते; शत्रूच्याही मृत्यूने आपला आनंदाचा प्याला उणा होतो, हे स्पष्टीकरण मागाहून आले. मागाहून आले म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. परंपरा वयाने मोठी होते तशी करुणेनेही होऊ शकते, याचाच तो पुरावा.

आपल्या नव्या कराराच्या अखेरच्या ग्रंथातही ही जोडी आहे. प्रकटीकरणाच्या पंधराव्या अध्यायात सात पीडा घेतलेले सात दूत उभे असतात, आणि त्याच क्षणी काचेच्या समुद्राजवळ विजयी जन मोशेचे व कोकराचे गीत गातात. मोशेच्या गीताला तेथे कोकराचे नाव जोडले गेले आहे, आणि ते कोकरू वधलेले आहे. गाणाऱ्यांचा स्वामी स्वतः प्रहार सोसणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलेला आहे. म्हणूनच पास्काजागरणात समुद्रगीतानंतरच्या प्रार्थनेत सर्व जगाला अब्राहामाच्या संततीत स्थान मिळो, अशी याचना केली जाते. त्या ‘सर्व जगा’तून मिसराला वगळण्याची मुभा आपणांस नाही. वाचकहो, पुढील पास्काजागरणात हे गीत उच्च स्वराने अवश्य गावे. परंतु पहिला सूर लावण्यापूर्वी बुडालेल्यांसाठी क्षणभर थांबावे. गीताला जी दहावी तार हवी आहे, ती बहुधा त्या थांबण्यातच असेल.