जनुकाचे ‘कार्य’ आणि औषधाचे ‘लक्ष्य’ : यीस्ट-संशोधनातील दोन संज्ञांची चिकित्सा

पाव व मद्य यांच्या निर्मितीत शतकानुशतके वापरले जाणारे यीस्ट आज जनुकांच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन झाले आहे. त्याचा जीनोम १९९६ मध्ये संपूर्ण वाचला गेला. पुढे सुमारे सहा हजार जनुकांपैकी बहुतेकांचा एकेक करून लोप घडविलेल्या वाणांचा संग्रह सिद्ध झाला. या पद्धतीचे फलित निर्विवाद आहे. तथापि ‘कार्य’ आणि ‘लक्ष्य’ या ज्या दोन संज्ञांवर तिचे प्रतिपादन उभे आहे, त्या वाटतात तितक्या निःसंदिग्ध नाहीत.

पद्धतीचे तर्कशास्त्र भाषाभ्यासकास परिचित आहे. ‘दिन’ व ‘दीन’ यांत एकच घटक बदलतो आणि अर्थ बदलतो; यावरून तो घटक भेदक आहे एवढेच सिद्ध होते, त्याला स्वतःचा अर्थ आहे असे नव्हे. शिवाय शब्दान्ती हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद उरतच नाही. म्हणजे भेदकता ही स्थानसापेक्ष असते. जनुकाच्या लोपाचेही असेच आहे. पोषक द्रव्यांनी समृद्ध अशा माध्यमात सुमारे ८० टक्के जनुकांच्या लोपाचा ठळक परिणाम दिसत नाही. म्हणून ती जनुके निरुपयोगी ठरतात काय?

हिलेनमायर व सहकाऱ्यांच्या २००८ मधील निबंधाने या प्रश्नाला प्रयोगाने उत्तर दिले. निरनिराळी रसायने व प्रतिकूल परिस्थिती यांच्या ११४४ चाचण्यांत ९७ टक्के लोपांचा वाढीवर मोजण्याजोगा परिणाम आढळला. निबंधाच्या शीर्षकात मात्र ‘सर्व जनुके’ असा शब्दप्रयोग आहे. हा अतिरेक क्षम्य म्हणता येईल; परंतु वाढ मंदावणे हे लक्षण होय, कार्य नव्हे. कोणत्या परिस्थितीत काय बिघडते हे कळल्याने कार्याचा माग लागतो, त्याचे वर्णन होत नाही.

‘लक्ष्य’ या संज्ञेची परीक्षा रॅपामायसिनच्या उदाहरणात होते. ईस्टर बेटाच्या मातीतील जीवाणूपासून मिळालेले हे द्रव्य यीस्टची वाढ रोखते आणि एफ-पी-आर-१ या जनुकाच्या प्रथिनाशी बांधले जाते. त्या प्रथिनाचे काम बंद पडणे हेच वाढ थांबण्याचे कारण असते, तर त्या जनुकाच्या लोपानेही वाढ थांबावयास हवी होती. प्रत्यक्षात लोप झालेला वाण जगतो, इतकेच नव्हे तर रॅपामायसिनला दाद देत नाही. हाइटमन, मोव्वा व हॉल यांनी १९९१ मध्ये प्रतिरोधक वाणांच्या आधारे टॉर-१ व टॉर-२ या जनुकांकडे बोट दाखविले. औषध व पहिले प्रथिन यांचा संयोग टॉर प्रथिनावर आघात करतो, असा उलगडा त्यातून झाला. अर्थात् जेथे औषध प्रथम चिकटते ते त्याचे लक्ष्यच असेल असे नाही.

‘टॉर’ या नावाचा विग्रह ‘रॅपामायसिनचे लक्ष्य’ असा आहे. पोषणानुसार पेशीची वाढ नियंत्रित करणे हे त्या जनुकाचे खरे काम. नावात त्याचा मागमूस नाही. मानवी पेशीतील प्रतिरूप १९९४ मध्ये हाती आले आणि पुढे हेच नाव त्यालाही चिकटले.

दोष पद्धतीचा नाही. रॅपामायसिनचे कोडे लोपानेच उलगडले. दोष आहे तो संज्ञांच्या सैल वापराचा. ‘कार्य’ सांगताना परिस्थिती आणि ‘लक्ष्य’ सांगताना पुराव्याचा प्रकार सांगण्याचा दंडक पाळला गेला, तर औषधाच्या शोधात चुकीच्या प्रथिनामागे वर्षे खर्ची पडण्याचा धोका पुष्कळ कमी होईल.